रात्री लिहायचं आहे? आधी तुमचा प्रहर ठरवा

नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला दिवसा सलग अर्धा तास मिळत नाही. मग ठरतं, रात्री सगळे झोपले की बसायचं. पहिले तीन-चार दिवस झपाटल्यासारखे जातात. पाचव्या दिवशी ऑफिसात डुलक्या लागतात आणि पंधरवड्यात वही पुन्हा कपाटात जाते. माणूस समजतो की आपल्याला चिकाटी नाही. बहुतेक वेळा चिकाटीचा प्रश्न नसतोच. रात्रीचा कोणता भाग, कोणत्या कामासाठी आणि झोपेतला कोणता तास देऊन घ्यायचा, हे ठरवलेलं नसतं.

हा लेख ते ठरवण्यासाठी आहे. उदाहरणाला दिवाळी अंकाची कथा घेऊ, कारण रात्री लिहिणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना ती अंतिम तारीख ओळखीची असते. का. र. मित्र यांनी १९०९ साली काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. त्यानंतर या अंकांत लिहिणाऱ्यांपैकी निव्वळ लेखनावर पोट असलेले थोडेच. बाकीचे शाळेत, बँकेत, कचेरीत राबून उरलेल्या वेळात लिहिणारे. पावसाळा सुरू झाला की संपादकांचं पत्र किंवा मेसेज येतो आणि गणपतीच्या आधी कथा हवी असते. म्हणजे हाती दोन-अडीच महिने असतात.

रात्री नेमकं काय मिळतं

पहिली गोष्ट साधी आहे. रात्री कोणी काही मागत नाही. दारावरची बेल, कुरिअर, सोसायटीचा ग्रुप, ‘जरा इकडे ये’ हे सगळं थांबलेलं असतं. लिहिताना मनात एकाच वेळी पाच-सहा धागे धरून ठेवावे लागतात: पात्र कुठे उभं आहे, मागचं वाक्य कसं संपलं, पुढच्या प्रसंगाला काय लागणार आहे. एक हाक आली तरी हे धागे सुटतात आणि पुन्हा गोळा करायला वेळ जातो. रात्री हाक येणार नाही याची खात्री असते आणि तेवढ्यानेच मन खोल उतरायला तयार होतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. जर्मनीतल्या आना श्टाइडल आणि लिओबा वेर्थ या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मंद उजेडात माणसांना मोकळं वाटतं आणि नव्या कल्पना जास्त सुचतात असं दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की तर्काने तोलण्याच्या कामाला लख्ख उजेड बरा.

तिसरी थकव्याची. अमेरिकेत मारेइका वीथ आणि रोझ झॅक्स यांनी २०११ साली दाखवलं की एकदम उलगडा व्हावा लागतो अशी कोडी लोक आपल्या ‘चांगल्या’ वेळेपेक्षा सुस्तावलेल्या वेळी अधिक चांगली सोडवतात. मनाचा पहारा थोडा सैल झाला की एरवी दाराबाहेरच अडवल्या जाणाऱ्या गोष्टी आत येतात.

या तिन्हींवरून माझं ठाम मत असं झालं आहे की रात्र ही कच्चा खर्डा लिहिण्याची वेळ आहे, निवाडा करण्याची नाही. रात्री सुचलेलं फार सुंदर वाटतं, ते त्याच सैल पहाऱ्यामुळे. आणि रात्री आपलं सगळंच लिखाण टाकाऊ वाटतं, तेही त्याच कारणाने. दोन्ही मतांवर त्या वेळी विश्वास ठेवू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका समजुतीवर उभ्या आहेत.

पायरी पहिली: प्रहर निवडा

आपल्याकडे रात्रीचे चार प्रहर मोजतात, एकेक तीन तासांचा. हिंदुस्थानी संगीताने त्यांचा स्वभाव पक्का ओळखला आहे. दुसऱ्या प्रहराचा बिहाग, तिसऱ्याचा मालकंस आणि शेवटच्या प्रहरातली सोहनी ऐकून पाहा. तिन्ही रात्रीचेच राग, पण मनाला तिन्ही वेगवेगळ्या जागी नेऊन बसवतात. लिहिणाऱ्यालाही ‘रात्र’ अशी एकच मिळत नाही.

सहा ते नऊ हा पहिला प्रहर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि दिवसाची निरवानिरव यात जातो. तो सोडून द्या.

नऊ ते बारा हा नोकरदार माणसाचा खरा प्रहर. साधारण झोपेच्या दोनेक तास आधी मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक सोडू लागते आणि शरीर हळूहळू मंदावतं, पण बहुतेकांची बुद्धी अजून शाबूत असते. संवाद आणि नवे प्रसंग यासाठी हा वेळ उत्तम. अडचण एकच, बाहेरच्या खोलीतला टीव्ही.

बारा ते तीन हा ज्याची सगळ्यांना भुरळ पडते तो प्रहर. रस्ता शांत होतो, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकायच्या थांबतात. कथेतला जो भाग लिहायला भीती वाटते, जिथे मनातलं काहीतरी उघडं करायचं असतं, तो इथे उतरतो. पण याची किंमत सर्वांत जास्त. रात्रभर लिहिणाऱ्यांमध्ये फ्रान्झ काफ्का या कथाकाराचं उदाहरण हमखास दिलं जातं: २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला तो बसला आणि सकाळी सहाला एक पूर्ण कथा लिहून उठला. हे खरं आहे. पण तो प्रागच्या ज्या विमा संस्थेत काम करायचा तिथून दुपारी दोनला सुटायचा आणि मग घरी जाऊन झोपायचा. संध्याकाळी साडेसातला डोंबिवलीला उतरणाऱ्या माणसाने त्याचं वेळापत्रक उचलू नये. हा प्रहर दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच घ्यायचा.

तीन ते सहा, म्हणजे लवकर झोपून उठल्यावरची रात्र. बाहेर तोच काळोख, तीच शांतता, पण डोकं झोप घेऊन आलेलं. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं, म्हणून अंगावर शाल हवी. उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास डोकं जड राहतं. त्या वेळात पाणी पिणं, तोंड धुणं, आदल्या दिवशीचा मजकूर नुसता वाचणं एवढंच करा. लेख, प्रस्तावना, मांडणीचं काम यासाठी हा प्रहर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. चारही प्रहरांत दुरुस्ती जमेल असा हाच एक.

आपला कोणता, हे हौसेने ठरवू नका. सुट्टीत, गजर न लावता आणि झोपेची थकबाकी नसताना, तुम्हाला झोप कधी लागते आणि जाग कधी येते ते आठवडाभर टिपून ठेवा. त्या दोन वेळांचा मध्य काढा. मध्य रात्री तीनच्या आधी पडत असेल तर तुम्ही पहाटेचे. पाचच्या पुढे जात असेल तर रात्रीचे. मधले असाल, आणि बहुतेक जण मधलेच असतात, तर नऊ ते बारा. हे घड्याळ वयाप्रमाणे सरकतं. विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचं असतं आणि पुढे हळूहळू अलीकडे येतं. हॉस्टेलवर तीन वाजेपर्यंत जागून कविता लिहिणाऱ्या माणसाला पंचेचाळिशीत अकराला जांभया येतात, तेव्हा प्रतिभा आटलेली नसते. प्रहर बदललेला असतो.

पायरी दुसरी: झोपेचा हिशेब कागदावर मांडा

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. हा आकडा पुढे ठेवून आठवडा आखा.

समजा तुम्हाला सकाळी साडेसहाला उठावं लागतं. सव्वादहा ते पावणेबारा लिहिलं आणि सव्वाबाराला डोळा लागला, तर सव्वासहा तास झोप होते. पाऊण तास कमी पडतो. तो आठवड्यातून तीन वेळा, एक दिवस आड, चालून जातो. उरलेल्या रात्री साडेदहा-अकराला आडवं व्हायचं. दुपारी वीस मिनिटांची डुलकी मिळत असेल तर घ्या, पण अर्ध्या तासाच्या वर नको, उठल्यावर डोकं जड होतं.

पहाटेचं गणित असं: रात्री साडेनऊला झोप, चारला जाग. साडेसहा तास होतात. पण त्यासाठी जेवण साडेसातला उरकावं लागतं आणि घरातल्यांना नऊनंतर तुम्ही ‘नाही’ असता हे मान्य व्हावं लागतं. हे न ठरवता नुसता चारचा गजर लावला की माणूस साडेअकराला झोपून चारला उठतो आणि चार दिवसांत आजारी पडतो.

दोनपर्यंत लिहून सहाला उठणं हे सलग दोन दिवसही करू नका. विशेषतः सकाळी दुचाकी किंवा गाडी चालवायची असेल तर अजिबात नको. झोप कमी झालेल्या माणसाला आपण पेंगतो आहोत हे वेळेवर कळत नाही.

चहा-कॉफीचंही इथेच बघू. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. काहींना कमी, काहींना बराच जास्त. थकव्याची खूण देणारं जे अडेनोसिन मेंदूत साठत जातं, त्याची जागा कॅफीन अडवून बसतं. म्हणून चहाने थकवा जात नाही, नुसता झाकला जातो. रात्री दहाला घोटलेली कॉफी पहाटे तीनला निम्मी अंगात असते आणि बाराला झोपलात तरी झोप उथळ लागते. साडेपाच-सहाचा चहा शेवटचा ठेवा. रात्री पेला हातात हवाच असतो, तर पत्ती न घालता गवती चहा आणि आल्याचा काढा, किंवा नुसतं गरम पाणी.

पायरी तिसरी: संध्याकाळी एक प्रश्न लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची. रात्री कोऱ्या कागदासमोर बसून ‘आज काय लिहू’ असा विचार सुरू केला, की अर्धा तास जातो आणि मग फोन हातात येतो. म्हणून संध्याकाळी घरी येताना, लोकलमध्ये किंवा बसमध्ये, एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहा. तो इतका बारीक हवा की त्याचं उत्तर एका प्रसंगात देता येईल.

आपल्या उदाहरणातली कथा निवृत्त होणाऱ्या एस.टी. कंडक्टरची आहे असं धरू. नाव सावंत. ‘आज कथा पुढे न्यायची’ हा प्रश्न नव्हे. ‘सावंताला निवृत्तीबद्दल काय वाटतं’ हाही नव्हे, कारण त्याचं उत्तर निबंधात येतं. ‘शेवटच्या दिवशी तिकिटांची पेटी परत करताना कॅशियर आणि सावंत यांच्यात काय बोलणं होतं?’ हा कामाचा प्रश्न. तो लिहून खिशात टाका आणि विसरा. भाजी निवडताना, भांडी विसळताना, मुलाची गणितं तपासताना तो आत कुठेतरी चालू राहतो. तुम्ही बसता तेव्हा शून्यापासून सुरुवात होत नाही.

जेवण हलकं आणि बैठकीच्या किमान दोन तास आधी. भात-आमटी दोनदा वाढून घेतली की साडेदहाला डोळे मिटतात. ऑफिसचा मेल साडेआठनंतर उघडायचा नाही. साहेबांचं एक वाक्य डोक्यात शिरलं की सावंत त्या रात्री येत नाही.

रात्र कोणाची, हे घरात बोलून ठरवा

इथे थोडं थांबायला हवं. रात्रीच्या लेखनाबद्दल लिहिलेलं बरंचसं अशा माणसासाठी असतं, ज्याचं ताट कोणीतरी वाढतं आणि उचलतंही. घरातल्या बाईची रात्र ओटा पुसून, विरजण लावून, उद्याच्या डब्याची भाजी चिरून ठेवल्यावर सुरू होते, आणि तोवर अकरा वाजलेले असतात. सकाळी साडेपाचला तिलाच उठायचं असतं. तिला ‘रात्री लिही ना’ असं सांगणं म्हणजे तिची झोप मागणं आहे.

त्यामुळे तुमच्या घरात असं असेल तर पहिली पायरी वही घेण्याची नाही, बोलण्याची आहे. आठवड्यातले दोन किंवा तीन दिवस ठरवा, त्या रात्रींचं आवरणं आणि दुसऱ्या सकाळचा डबा दुसऱ्या कोणाकडे. नवरा, मोठी मुलगी, मुलगा, सासूबाई, जे कोणी असतील त्यांनी ते तोंडाने कबूल करायला हवं आणि फ्रिजवर लिहून लावायला हवं. एरवी ती वेळ मिळाल्यासारखी दिसते आणि कोणत्या तरी कामात विरून जाते. हे जमत नसेल तर सकाळी मुलं शाळेत गेल्यावरचा पाऊण तास घ्या. लेखनासाठी काळोख लागतोच असं नाही, पण झोप लागते.

रात्रपाळीवाल्यांना, म्हणजे परिचारिका, पोलिस किंवा अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी मंडळी यांना वेगळं सांगायला हवं. तुमची ‘रात्र’ कामावरून येऊन झोपून उठल्यानंतरची. जाड पडदा, मंद दिवा, बंद दार करून ती दुपारी तयार करता येते.

पायरी चौथी: जागा, दिवा, डास

दोन खोल्यांच्या घरात लिहिण्याची खोली नसते. स्वयंपाकघरातलं टेबल किंवा ओट्याशेजारची खुर्ची पुरते. एक जागा ठरवा आणि ती बदलू नका. काही दिवसांनी तिथे बसताच मन कामाला लागतं.

ट्यूबलाइट बंद. एक टेबललॅम्प, त्यात ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला, २७०० ते ३००० केल्विनचा एलईडी बल्ब. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली ओळीवर पडत नाही. उजेड कागदावर पडावा, डोळ्यांत नको, आणि बाकी खोली अंधारात राहिली तर उत्तम. याचा दुसरा फायदा असा की पलीकडे झोपलेल्यांच्या तोंडावर उजेड जात नाही.

डासांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पावसाळ्यात बैठक मोडायला तो पुरेसा असतो. बंद खोलीत तास-दीड तास कॉइलचा धूर घेऊ नका. छोटा टेबलफॅन जमिनीवर ठेवून पायांकडे वळवा. वाऱ्यात डासांना उडता येत नाही, आणि पंख्याच्या एकसारख्या आवाजात बाहेरचे आवाजही बुडतात.

फोन दुसऱ्या खोलीत. गजरासाठी साधं घड्याळ आणा. माझी शिफारस फुलस्केप वही आणि पेन यांची आहे. मराठी टंकताना कळफलक स्वतःहून शब्द बदलतो, र्‍हस्व-दीर्घ चुकतं, आपण ते सुधारायला थांबतो आणि वाक्याची लय तुटते. ज्यांचा इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर हात बसला आहे त्यांनी संगणकावर जरूर लिहावं. तेव्हा नेट बंद आणि पडद्याचा उजेड अगदी कमी.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष बैठक

दीड तास पुरे. पहिली दहा मिनिटं आदल्या बैठकीतला शेवटचा परिच्छेद हाताने पुन्हा उतरवून काढा. यात काही निर्मिती नाही, म्हणून भीतीही नाही. आणि उतरवता उतरवता पुढचं वाक्य बहुतेक वेळा आपोआप येतं.

मग चिठ्ठीवरचा प्रश्न वहीच्या डोक्यावर लिहा आणि लिहायला लागा. नियम तीन. मागे जाऊन खोडायचं नाही. माहिती अडली तर चौकटी कंसात ‘[तपासणे]’ लिहून पुढे जायचं, ‘[तपासणे: डेपोत पंच जमा करून घेत का?]’ एवढं पुरतं, त्यासाठी फोन आणायला उठायचं नाही. आणि शब्द आठवला नाही तर बोलीतला, चुकीचा, जवळचा, कोणताही शब्द टाकायचा.

अशा बैठकीत उतरलेला परिच्छेद साधारण असा दिसतो:

‘कॅशियरनं पेटी उघडून पाहिली. तिकिटं मोजली. सावंताच्या डोळ्यांसमोरून तीस वर्षांचा प्रवास एखाद्या चित्रपटासारखा सरकून गेला. त्याचं मन भरून आलं, डोळे पाणावले. “पंच राहिला,” कॅशियर म्हणाला. सावंतानं खिशात हात घातला. पंच खिशात नव्हता, हातातच होता. मघापासून तो टेबलाच्या कडेवर टक टक वाजवत होता, जसा गाडीत दांड्यावर वाजवायचा. कॅशियर मान वर न करता म्हणाला, “वाजवा अजून थोडा वेळ.” काळ कुणासाठी थांबत नाही हेच खरं.’

यात कच्चं काय आहे ते तुम्हाला आत्ता दिसत असेल. त्या रात्री दिसणार नाही, आणि दिसू नये. याचं काय करायचं ते सकाळच्या पायरीत बघू.

अडलात तर जागच्या जागी एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक गणिती काम दिलं, त्यात एक छुपी युक्ती होती. मध्ये त्यांना काळोख्या खोलीत, हातात पेला धरून, खुर्चीत विसावायला सांगितलं. जे जेमतेम पंधरा सेकंद का होईना झोपेच्या अगदी पहिल्या पायरीवर गेले, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना ती युक्ती सापडली. जागेच राहिले त्यांच्यात ३० टक्क्यांना. आणि जे त्याहून खोल झोपले, त्यांच्यातल्या अवघ्या १४ टक्क्यांना. म्हणून खुर्चीत मागे रेला, हातात स्टीलचा चमचा धरा, खाली ताटली ठेवा आणि प्रश्न मनात धरून डोळे मिटा. डोळा लागताच हात सैल होतो, चमचा पडतो, जाग येते. त्या क्षणी डोक्यात जे असेल ते लगेच लिहा. घरात तान्हं मूल असेल तर ताटलीऐवजी पातळ पुठ्ठा ठेवा.

पायरी सहावी: उठायचं कसं

वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. खरं तर अर्धंच असावं. पुढे काय येणार आहे ते मोडक्यातोडक्या पाच-सहा शब्दांत खाली टिपा. यामुळे दोन गोष्टी होतात: पुढची बैठक सोपी सुरू होते आणि अंथरुणावर पडल्यावर तो धागा डोक्यात घोळत बसत नाही.

लिहिलेलं वाचू नका. कोणाला पाठवू नका. मध्यरात्री साहित्याच्या ग्रुपवर टाकलेली कविता आणि संपादकांना केलेला मेल, दोन्ही सकाळपर्यंत थांबू शकतात. वही मिटली की पंधरा-वीस मिनिटं काहीतरी हातांचं करा: पेला विसळा, उद्याचे कपडे काढून ठेवा, कुंडीला पाणी घाला. मग अंथरूण. फोन त्या खोलीतच राहू द्या.

पायरी सातवी: सकाळचा लाल पेन

एक पूर्ण झोप मध्ये गेल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही. दोन-तीन दिवस गेले तर आणखी बरं. लख्ख उजेडात, शक्यतो हलक्या आवाजात मोठ्याने वाचत, पेनाने तीनच खुणा करा: जिथे स्वतःलाच पुढे वाचावंसं वाटलं तिथे रेघ, जिथे कंटाळा आला तिथे गोल, जिथे लाज वाटली तिथे फुली.

सावंताच्या परिच्छेदात गोल आणि फुली कुठे येतील? चित्रपटासारखा सरकलेला प्रवास, भरून आलेलं मन, पाणावलेले डोळे आणि शेवटचं काळाबद्दलचं वाक्य. ही सगळी रात्रीची खास देणी आहेत. भावना मोठी वाटते आणि तयार वाक्यं हाताशी येतात. ती गेल्यावर उरतं ते असं:

‘कॅशियरनं पेटी उघडून पाहिली. तिकिटं मोजली. “पंच राहिला,” तो म्हणाला. सावंतानं खिशात हात घातला. पंच हातातच होता. मघापासून टेबलाच्या कडेवर टक टक वाजत होता. “वाजवा अजून थोडा वेळ,” मान वर न करता कॅशियर म्हणाला.’

आता पाहा, ‘वाजवा अजून थोडा वेळ’ हे वाक्य दिवसा आखणी करून आलं नसतं. दिवसा हार-श्रीफळ आलं असतं, डेपो मॅनेजरचं भाषण आलं असतं. रात्रीने आठ-दहा वाक्यांत एक असं वाक्य दिलं, तर ती बैठक सोन्याची झाली असं समजावं. आणि कापलेली वाक्यं वाया गेली असंही मानू नये. त्यांच्यावरून चालतच माणूस त्या एका वाक्यापर्यंत पोहोचला.

‘[तपासणे]’ हे सगळे कंस एकत्र काढून दिवसा एकदाच सोडवा. एखाद्या जुन्या कंडक्टरला दुपारी फोन करून पंच जमा होत असे का ते विचारा. बरेचदा त्या फोनवर पुढच्या कथेचंही बी मिळतं.

कधी थांबायचं

लिहिण्याच्या रात्री सोडून इतर रात्रीही आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा झोप लागत नसेल आणि हे लांबत गेलं असेल, तर रात्रीचं लेखन पूर्ण बंद करून डॉक्टरांना भेटा. रात्री बसल्यावर शब्दांऐवजी रोज तीच काळजी, तोच अपराधीपणा येत असेल, तरी वेळ बदला. काळोखात दुःखी विचार अधिक खरे वाटतात.

एक लक्षण मात्र वेगळं काढून सांगतो, कारण लिहिणारे त्याला वरदान समजतात. सलग काही दिवस दोन-तीन तास झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, विचारांचा लोंढा, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातात, असं झालं तर ते मनोविकाराचं लक्षण असू शकतं. घरच्यांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

कथेचं वेळापत्रक

तीन हजार शब्दांची कथा धरू. एका बैठकीत चारशे शब्द होतात असं माना; कमी झाले तरी हरकत नाही. आठवड्याला तीन बैठका, म्हणजे खर्डा तीन आठवड्यांत होतो.

पहिल्या आठवड्यात कथेचा शेवट ठरवू नका. सावंताच्या शेवटच्या दिवसातले जे तीन प्रसंग स्पष्ट दिसतात ते लिहा, क्रम कोणताही. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जोडणारे प्रसंग. तिसऱ्या आठवड्यातली एक बैठक शनिवारी रात्री बारा ते दोन ठेवा आणि आजवर टाळलेला भाग तिथे लिहा. प्रत्येक कथेत असा एक भाग असतो. सावंताच्या कथेत तो बहुधा घरी गेल्यावरचा, बायकोसमोरचा असेल. रविवारी दुपारपर्यंत कोणी उठवू नये असं आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर वही आठवडाभर बंद. मग चार दिवस सकाळी दुरुस्ती, तीन खुणांच्या पद्धतीने. पाचव्या सकाळी कथा टंकायला घ्या; टंकताना प्रत्येक वाक्य पुन्हा बोटांखालून जातं आणि उरलेले गोल तिथे निघतात. दोन दिवस ती दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, शक्यतो जो लिहीत नाही अशा माणसाला, आणि तो कुठे थांबला एवढंच विचारा. मग युनिकोड मजकुराची फाइल संपादकांना पाठवा, सकाळी अकराच्या सुमारास, सोबत दोन ओळींचं पत्र आणि पत्ता. आणि त्याच संध्याकाळी, परतीच्या लोकलमध्ये, पुढच्या कथेची चिठ्ठी लिहा.